ट्रेनिंग झालं, पण हात बसला का?

पडताळा (धागालेखिका)

आरोग्य प्रशिक्षणांचं मूल्यमापन हे माझं रोजचं काम. त्यामुळे समारोपाचे अहवाल ढिगाने वाचावे लागतात आणि बहुतेकांत चित्र एकच असतं: प्री-टेस्टचा बुटका खांब, शेजारी पोस्ट-टेस्टचा उंच खांब, खाली ओळ ‘सहभागींच्या प्रात्यक्षिक कौशल्यात लक्षणीय वाढ’. परीक्षा मात्र दोन्ही वेळा कागदावरची, आणि प्रश्नही तेच. पर्यायांवर खुणा केल्या म्हणून बाळाच्या चेहऱ्यावर श्वासाचा मास्क नीट धरता येतो हे कुठून कळलं, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

या क्षेत्राबाहेरच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण जोखण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्यातून काही साधलं का. पुढे १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी पिरॅमिड मांडला. तळाशी ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसं करायचं ते माहीत आहे’, मग ‘करून दाखवतो’ आणि टोकाला ‘करतो’. आपले अहवाल खालच्या दोन मजल्यांवरच घुटमळतात. बरे कार्यक्रम तिसऱ्यापर्यंत जातात. चौथ्यावर कोणी फारसं फिरकत नाही, आणि रुग्णाचा संबंध तर फक्त चौथ्याशी!

नवजात बाळाला बॅग-मास्कने श्वास देणं घ्या. वर्गात टेबल कमरेच्या उंचीचं, उजेड भरपूर, सरावाचा बाळपुतळा कोरडा, योग्य मापाचा मास्क हाताशी काढून ठेवलेला. प्रशिक्षणार्थी अंगठा आणि तर्जनीने मास्क दाबते, उरलेल्या बोटांनी हनुवटी उचलून धरते, बॅग दाबते, छाती उठते, परीक्षक टिक करतो. प्रसूतिकक्षात बाळ ओलं आणि निसरडं असतं, ट्रॉलीत दोन मापांचे मास्क एकत्र पडलेले असतात, आई ‘रडत का नाही?’ म्हणून विचारत असते, आणि जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात श्वास सुरू व्हायला हवा असतो. मास्कची एक कड जराशी उचलली गेली की हवा गालावरून निसटते. बॅगचा आवाज तर येतच राहतो, त्यामुळे दुरून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. छाती उठतेय का, एवढंच बघायचं असतं आणि घाईत नेमकं तेच राहतं.

टांझानियातल्या एका ग्रामीण रुग्णालयात याच कौशल्याचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ या कार्यक्रमाचं एका दिवसाचं प्रशिक्षण, आणि सात महिन्यांनी तपासणी. पुतळ्यावरची कामगिरी चांगली सुधारलेली. खऱ्या बाळांच्या वेळची कृती मात्र होती तशीच. पुतळ्यापाशी थांबले असते तर सगळं उत्तम म्हणून नोंद झाली असती.

माझं मत थोडं टोकाचं आहे, ते मांडते. शेवटच्या दिवसाची परीक्षा कार्यक्रमाचं मूल्यमापन म्हणून धरूच नये. कोणाला आणखी सराव हवा एवढंच त्यातून बघावं. कार्यक्रम जोखायचा असेल तर तीन-चार महिन्यांनी, त्यांच्याच वॉर्डात, त्यांच्याच सामानावर, आधी न कळवता. तुमचा अनुभव काय?

रात्रपाळी

मी परीक्षा घेणाऱ्यांतली नाही, देणाऱ्यांतली. मुद्दा पटला, पण ‘त्यांच्याच वॉर्डात, त्यांच्याच सामानावर’ हे वाचून दचकले.

आमच्याकडे असं होतं की ट्रेनिंगला आम्ही अंबू बॅग (तीच श्वास द्यायची बॅग) हाताळतो आणि वॉर्डात ती कुलपात असते. हरवू नये म्हणून. हात माझे तयार आणि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला. अशा वेळी तुमचा परीक्षक आला तर मला शून्य देणार की कपाटाला?

दुसरं, ‘आधी न कळवता’ हे म्हणायला सोपं आहे. गेटपाशी गाडी थांबली की तिसऱ्या मजल्यापर्यंत निरोप पोचतो. मग सगळे सॅनिटायझरच्या बाटलीपाशी. एरवी हात न धुणारे लोक त्या दिवशी कोपरापर्यंत धुतात. त्यातही बघा, तळवे छान चोळले जातात. अंगठे आणि बोटांची टोकं कोरडीच. २०-३० सेकंद चोळा असं सांगितलेलं असतं, ते मनात मोजून पुरे करतात, पण कुठे चोळायचं ते गाळून. चमकणारं लोशन लावून निळ्या दिव्याखाली हात धरले की दोन्ही अंगठे अंधारात दिसतात. ते एकदा बघितल्यावर जो फरक पडला तो कुठल्या पोस्टरने पडला नव्हता.

पडताळा

रात्रपाळीताई, कपाटाला शून्य. नक्की.

म्हणूनच मी एकच गुण न देता तीन गोष्टी वेगळ्या लिहिते: वस्तू हाताला लागली का, पुतळ्यावर करता आलं का, आणि खऱ्या रुग्णावर केलं गेलं का. पुतळा आम्ही वॉर्डातच घेऊन जातो. तिथे तो नीट हाताळला आणि रुग्णावर मात्र केलं नाही, तर प्रशिक्षणाला दोष देण्यात अर्थ नाही. सामान, माणसं, भीती, वरिष्ठांचा शब्द यांत कुठेतरी अडलंय. पुतळ्यावरच जमलं नाही तर हात उतरलाय. दोन्हींवर उपाय वेगळे. मात्र अहवालात दोन्ही ‘कौशल्याचा अभाव’ या एकाच नावाखाली जातात आणि उपाय म्हणून पुन्हा एक ट्रेनिंग लागतं.

निरीक्षकाला बघून वागणं सुधारतं हे खरंच आहे. एक तोडगा म्हणजे जास्त वेळ बसून राहणं. सुरुवातीला सगळे सावध असतात, मग काम अंगावर आलं की विसरतात. पहिला तास मी मोजतच नाही.

जुनी_ट्यूटर

शेवटच्या दिवसाच्या परीक्षेला इतकं खाली ढकलू नका हो. नर्सिंग शिकवण्यात आयुष्य गेलंय, म्हणून बोलते. रिटर्न डेमो, म्हणजे शिकवलेलं मुलींकडून परत करून घेणं, नीट घेतला नाही तर तीन महिन्यांनी वॉर्डात जाऊन काय सापडणार? जे बसलंच नव्हतं ते उतरलं की नाही हे कसं ठरवणार? सुरुवातीचा आकडा खणखणीत हवा, तरच पुढची घसरण मोजता येते.

गडबड परीक्षेत नाही, चेकलिस्टमध्ये आहे. कॅथेटर (लघवीची नळी) घालण्याची एक चेकलिस्ट बघा: रुग्णाला नमस्कार केला, १ गुण. पडदा ओढला, १ गुण. ओळख पटवली, १ गुण. निर्जंतुक हातमोजा गादीला लागला आणि तसाच पुढे वापरला, तर वजा १ गुण. बेरीज ९० टक्के, उत्तीर्ण! आणि रुग्णाला जंतुसंसर्ग. माझ्याकडे काही पायऱ्यांवर लाल खूण असायची. ती चुकली की बाकी कितीही छान असो, पुन्हा करा. मुली रडायच्या, पण पुन्हा करायच्या.

उलटंही होतं. ज्यांचा हात बसलेला असतो ते पायऱ्या गाळल्यासारखे दिसतात, कारण दोन कामं एका हालचालीत उरकतात. नवशिकी मुलगी तोंडाने बोलत बोलत सगळ्या टिक मिळवते. वीस वर्षं काम केलेली सिस्टर गप्प राहून झटकन करते आणि गुण कमी घेते. हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी स्टेशनांची परीक्षा, म्हणजे ऑस्की (एकेका टेबलावर एकेक काम करून दाखवायचं), आणली तेव्हापासून चेकलिस्टचं पेव फुटलं. पण अनुभव वाढेल तसे चेकलिस्टचे गुण वाढतीलच असं नाही, हे नंतरच्या संशोधनात दिसलं. १९९७ मध्ये टोरांटोच्या शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेच्या कौशल्याची ‘ओसॅट्स’ ही परीक्षा मांडली, तिच्यात चेकलिस्टच्या जोडीला एकूण हाताळणीची श्रेणी ठेवली: ऊतीची काळजी घेतली का, हालचाली वाया गेल्या का, पुढची पायरी आधीच मनात होती का. अनुभवी आणि नवखे यांतला फरक या श्रेणीतून जास्त चांगला कळतो.

पण त्यासाठी परीक्षकाची नजर तयार लागते, आणि तिथे घोडं पेंड खातं.

शिकाऊ०७

धागा वाचतोय, भारी चाललाय. एक शंका. आमच्या प्रत्येक कार्यशाळेनंतर फॉर्म असतो: ‘हे कौशल्य स्वतंत्रपणे करण्याचा तुमचा आत्मविश्वास १ ते ५’. सगळे ४ लिहितात. मी पण. याचा काही उपयोग होतो का?

जुनी_ट्यूटर

अरे, होतो ना, चहापाण्याचं बिल मंजूर व्हायला.

थट्टा सोडून सांगते. आत्मविश्वास आणि कौशल्य यांची जोडी फार कच्ची असते. कधी कधी चांगल्या प्रशिक्षणानंतर आकडा खाली येतो. कारण आधी ‘मला बीपी घेता येतं’ असं वाटत असतं आणि नंतर कळतं की दंडाला बांधायचा पट्टा (कफ) छोटा होता, हात लोंबकळत होता, रुग्ण बोलत होता. ज्या कार्यशाळेनंतर काही जणांचा ४ चा ३ झाला, तिथे कुणीतरी नीट शिकवलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आकडेमोड

बीपीचा विषय निघाला म्हणून माझा आवडता प्रकार सांगतो. यात कोणाला भेटायला जावं लागत नाही आणि कोणाला आधी कळण्याचा प्रश्नच नाही.

ज्या वॉर्डात अजून पारा किंवा काट्याचं यंत्र वापरतात तिथलं रजिस्टर घ्या. वरच्या रक्तदाबाच्या आकड्याचा फक्त शेवटचा अंक बघा. यंत्रावर २ मिमीच्या खुणा असतात, म्हणजे खरोखर मोजलं तर ०, २, ४, ६, ८ हे पाचही अंक साधारण सारखे यायला हवेत, शून्य अंदाजे २० टक्के. प्रत्यक्षात १२०, १३०, १२०, ११०, १३० अशी पानंच्या पानं भरलेली सापडतात. हवा सेकंदाला २ मिमी या वेगाने सोडली तर १२० आणि १२६ यांतला फरक ऐकू येतो. झपकन सोडली तर काटा दहादहाने उड्या मारत खाली येतो आणि माणूस जवळचा गोल आकडा लिहितो. प्रशिक्षणाआधीचे तीन महिने आणि नंतरचे सहा महिने घ्या, शून्याचं प्रमाण मांडा. घसरलं आणि घसरलेलंच राहिलं तर हात बदलला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा वर चढलं तर समजून जा.

मर्यादाही आहेतच. डिजिटल यंत्र असेल तर हा खेळ बाद. आणि ‘शून्य नको’ असं कोणी बजावलं असेल तर लोक १२२, १२४ मनाने लिहितात. मग १४० च्या अलीकडे-पलीकडे काय चाललंय ते बघा. उपचाराची रेषा जिथे असते तिथे आकडे चमत्कारिक वागतात. कुपोषणासाठी बाळाच्या दंडाचा घेर मोजतात, तिथे ११.५ सेंटीमीटरच्या आसपासही हे दिसू शकतं.

पार्टोग्राफचंही, म्हणजे कळा सुरू असताना भरायच्या प्रसूतीच्या आलेखाचंही, तसंच. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच तिरकेपणाने आणि नेमक्या सारख्या अंतरावर असतील, तर तो प्रसूतीनंतर बसून भरलेला असण्याची दाट शक्यता. आलेख सुंदर दिसतो, पण त्याने कोणाचा निर्णय बदललेला नसतो.

पडताळाताई, तुमच्या तीन-चार महिन्यांच्या तपासणीत एक भोक आहे. तेव्हा जे जागेवर सापडतात त्यांनाच तुम्ही मोजता. बदली झालेले, सोडून गेलेले, रजेवर असलेले गळतात. जे टिकले ते मुळात बरे असू शकतात. किती जण गळले तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर हवा, परिशिष्टात नको. आणि ज्या वॉर्डांची प्रशिक्षणाची पाळी अजून आलेली नाही त्यांनाही त्याच दिवशी तपासा. तिथेही सुधारणा दिसली तर ती तुमच्या ट्रेनिंगची नाही, दुसरंच काहीतरी घडलेलं आहे.

पडताळा

भोक मान्य. गळालेल्यांचा आकडा आम्ही देतो, पण कुठे देतो ते विचारू नका. (परिशिष्टात.)

रजिस्टरची कल्पना चोरतेय.

बाकावरचा

मी असे कार्यक्रम चालवणाऱ्यांपैकी, म्हणजे इथे आरोपीच्या पिंजऱ्यात. तुम्ही सगळे बरोबर बोलताय आणि तरी यातलं काही होणार नाही, ते का ते सांगतो.

निधी देणारा विचारतो, किती जणांना प्रशिक्षण दिलं? तिमाहीत आकडा हवा. हजारो लोकांच्या मागे वॉर्डात कोण फिरणार? तीन महिन्यांनी जायचं तर प्रकल्पाचा कालावधीच संपलेला असतो. परीक्षकांचे दिवस, प्रवास, सगळा खर्च मूल्यमापनाच्या खात्यात, आणि ते खातं सर्वांत आधी कापलं जातं. शिवाय निकाल वाईट आला तर पुढचा निधी गेला. मग वाईट निकाल शोधायला मी स्वतः पैसे कशाला खर्चू? हे उघड कोणी बोलत नाही, म्हणून मी बोललो.

पडताळा

स्पष्ट बोललात, बरं वाटलं. दोन गोष्टी.

हजारोंना तपासायचं नाहीच. चिठ्ठ्या टाकून थोडे निवडायचे, आणि त्यांचं एकच कौशल्य तपासायचं, ज्यात चूक झाली तर जीव जातो असं. दहा कौशल्यं वरवर बघण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि जास्त सांगतं. निवड मात्र चिठ्ठीनेच. ‘जवळचं केंद्र, ओळखीच्या सिस्टर’ असं झालं की सगळं मुसळ केरात.

आणि मोजणं आणि शिकवणं वेगळं ठेवण्याची गरज नसते. वर सांगितलेल्या टांझानियातल्या रुग्णालयात पुढे प्रसूतिकक्षातच वारंवार, काही मिनिटांचा सराव सुरू केला. त्यानंतर पहिल्या २४ तासांतले बालमृत्यू कमी झाल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे सराव हीच तपासणी होऊ शकते: आज छाती उठली का, किती वेळात उठली, एवढी नोंद. सीपीआरचंही (हृदय थांबल्यावर छाती दाबण्याचं) तसंच आहे. प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी दोन वर्षं चालतं आणि हात तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, हे तोंडपाठ असणारे लोक मीटर लावलेल्या पुतळ्यावर चार सेंटीमीटरवर अडकतात. दोन मिनिटांनी थकले की दाब आणखी उथळ. आणि दाबल्यानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं ही अर्धी गोष्ट कोणी बघतच नाही. पडद्यावर स्वतःचा आकडा दिसला की लगेच सुधारतात. पण त्यासाठी पुतळा वॉर्डात हवा, स्टोअरमध्ये खोक्यात नाही.

निधीबद्दल: अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या अभ्यासांचा मोठा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या प्रशिक्षणाचा परिणाम माफक, आणि त्याला देखरेखीची किंवा एकत्र बसून अडचणी सोडवण्याची जोड दिली की जास्त, असा त्याचा रोख होता. निधी देणाऱ्यांनाही हे माहीत असतं. ‘आमचं नुसतं ट्रेनिंग पुरलं नाही, म्हणून पुढे हे जोडतोय’ असा प्रस्ताव मी मंजूर होताना बघितलाय.

रात्रपाळी

वॉर्डात पुतळा ठेवायला आमची ना नाही. पण सोबत ‘सराव रजिस्टर’ येईलच. आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम होतील, आकडेमोडसाहेब म्हणतात तशा एकाच शाईत. सराव ड्यूटीच्या वेळेत धरा आणि रजिस्टर नका ठेवू. पुतळाच नोंद ठेवत असेल तर उत्तम.

आणि निकाल आम्हालाही सांगा. तुम्ही येता, लिहिता, जाता. मला कधीच कळलं नाही की माझा मास्क गळत होता का.

शिकाऊ०७

खोटे रुग्ण पाठवतात ना काही ठिकाणी? म्हणजे डॉक्टरला कळतच नाही तपासणी चालली आहे ते.

आकडेमोड

हो. प्रशिक्षित माणसाने रुग्ण होऊन यायची पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये सुरू केली, ती परीक्षा आणि शिकवण्यासाठी. पुढे न सांगता पाठवणंही सुरू झालं. ‘विचारलं तर काय सांगतात’ आणि ‘समोर रुग्ण आला तर काय करतात’ यांतली दरी त्यातून उघडी पडते. अतिसाराच्या बाळाला क्षारसंजीवनी द्यावी हे कागदावर लिहिणारे प्रत्यक्षात भलतंच लिहून देतात, असं वारंवार दिसलंय.

पण हे सल्ला, चौकशी, निदान यांना चालतं. खोट्या रुग्णाला सुई टोचू द्यायची नाही आणि खोटं नवजात बाळ मिळत नाही. शिवाय ओपीडीत खऱ्या रुग्णाची जागा अडते. आपल्याकडे अधूनमधून असे रुग्ण येतील एवढी संमती कर्मचाऱ्यांकडून आधीच घेतलेली बरी. कधी, कोण ते नाही सांगायचं.

बाकावरचा

ठीक आहे, पुढच्या बॅचला एकच कौशल्य आणि चिठ्ठ्या, एवढं करून बघतो. खात्यात पैसे आताच बाजूला काढतो, नंतर मिळणार नाहीत. पण परीक्षक कोण? आमचेच प्रशिक्षक परीक्षक झाले तर स्वतःच्या विद्यार्थ्यांना नापास कोण करणार?

जुनी_ट्यूटर

अदलाबदल करा. तुमच्या बॅचचे प्रशिक्षक दुसऱ्या बॅचला. आणि जाण्याआधी सगळ्या परीक्षकांना एका खोलीत बसवून तेच व्हिडिओ दाखवा, प्रत्येकाने वेगळं लिहायचं, मग पानं जुळवून बघायची. दोघांच्या टिक किती जुळल्या याची नुसती टक्केवारी काढू नका. सगळेच सगळ्यांना पास करत असतील तर ती आपोआप फुगते. त्यासाठी कापा नावाचा निर्देशांक आहे, तो योगायोगाने जुळलेला भाग वजा करतो. आकडेमोड काढून देतील. जिथे जुळत नाही ती पायरी बहुतेकदा धूसर लिहिलेली असते. ‘मास्क योग्य रीतीने लावला’ याच्याऐवजी ‘पहिल्या पाच दाबांत छाती उठली’ असं लिहा, भांडण मिटतं.

आकडेमोड

देतो काढून.

बाकावरचा

जुने व्हिडिओ आहेत आमच्याकडे, ट्रेनिंगचे. ते चालतील?

जुनी_ट्यूटर

नाही. ते सगळे आदर्श डेमो असतात, त्यावर सगळे परीक्षक एकमताने ‘छान’ लिहितील. नवे काढा, आणि काहींत मुद्दाम चुका घाला: एकात मास्कची कड उचललेली, एकात मान जास्त मागे गेलेली, एकात सगळं बरोबर पण दीड मिनिट उशिरा. कोणत्या व्हिडिओत काय चुकलंय ते परीक्षकांना सांगू नका. रात्रपाळीताईंना वेळ असेल तर चुका त्यांच्याकडून लिहून घ्या, त्यांना खऱ्या चुका माहीत असतील.

रात्रपाळी

लिहून देते. यादी लांब होईल.